अस्वलाच्या टाळ्या

९ जानेवारी

धाकटे,

तुला आणि तुझ्या हातून बऱ्या होणाऱ्या सगळ्यांना आशीर्वाद.

सोमवारी सकाळी मी काय केलं ते आधी सांगतो, म्हणजे लेकरांच्या अभ्यासाची तुझी काळजी जरा कमी होईल. मुलं उठायच्या आधी उठलो, देवाचं नाव घेतलं, आणि दुकानात फोमच्या गुंडाळीवर बसून वजाबाकी शिकलो. हसू नकोस. तू पाठवलेल्या टॅबमध्ये एक अस्वल आहे. त्याच्यापुढे सात सफरचंदं असतात. त्यातली तीन ते खातं आणि विचारतं, आता उरली किती? मी चारच्या आकड्यावर बोट ठेवलं. अस्वल उठून उभं राहिलं आणि टाळ्या वाजवायला लागलं. वर चांदण्या उमटल्या. पन्नाशीला टेकलेल्या माणसासाठी अशा टाळ्या कोण वाजवतं गं? सोफा कितीही मन लावून शिवला तरी गिऱ्हाईक आधी त्यावर बसतं, हलतं, आणि म्हणतं, ‘जरा कडकच झाला.’

तुला आठवत नसेल, तू फार लहान होतीस. आपल्या गावच्या शाळेतले गुरुजी वर्ग भरायच्या आधी पायरीवर बसून दुसरीचं पुस्तक वाचायचे. वर्षानुवर्षं तेच पुस्तक शिकवत होते, तरी वाचायचे. मी एकदा विचारलं तर म्हणाले, “सकाळी आपण जो धडा शिकलो नाही, तो दुपारी दुसऱ्याला शिकवू नये.” तेच मी धरलंय. आधी मी शिकतो, मग तुझ्या भिंगरीला शिकवतो.

आमचा दिवस असा: सकाळी अक्षरांची गाणी, मग ती गोष्टींची जागा, जिथे पान उघडलं की बाईचा आवाज गोष्ट वाचून दाखवतो, मग अस्वलाचं गणित. सगळं फुकट आहे हे खरं. पण फुकट मिळालेल्यापुढे बसणारं माणूस फुकट मिळत नाही, ते मला कळायला लागलंय. भिंगरी दोन प्रश्नांपुरती बसते आणि मग नावाप्रमाणे गरगर फिरते. तिचा धाकटा भाऊ, आपला बोका, फोमच्या तुकड्यात शिरून झोपतो. मी एका हातानं रेक्झिन ताणतो, दुसऱ्या हातानं अस्वल धरतो. तुझी वहिनी गुडघ्याला तेल चोळत आतून ओरडते, “अहो गुरुजी, दातांच्या डॉक्टरांचा माणूस आलाय. बाकडी झाली का विचारतोय!”

बाकडी झाली नाहीत. होतील.

हे पत्रात लिहितोय कारण फोन लावला की दोघं माझ्या मानेवर चढतात, आणि दोन खोल्यांच्या घरात मोठ्यांचं बोलणं मोठ्यांपुरतं राहत नाही.

दादा


१८ जानेवारी

दादा,

तुला आणि वहिनीला नमस्कार. वहिनीच्या गुडघ्यासाठी मलम पाठवते, पण तिला म्हणावं मलम लावून लगेच सोफे-खुर्च्या हलवायच्या नाहीत.

तुझं पत्र मी वॉर्डात दोनदा वाचलं. मुलांचे वडील गेल्यापासून इतकं हसले नव्हते. पण तू लपवलंस ते मला कळलं बरं का! टॅबमधल्या भिंगरीच्या खात्याचं सगळं माझ्याही फोनवर दिसतं. पोरगी पहाटे पाच वाजता उठून गणितं सोडवते आणि तू म्हणतोस ती गरगर फिरते? आमच्या मोठ्या सिस्टरला दाखवलं. ती म्हणाली, “तुझी मुलगी आहे की तपस्वी?”

जेवणाच्या सुट्टीत मी डबा उघडते आणि दुसऱ्या हातानं अस्वल उघडते. ती कुठवर पोचली ते बघते, थोडं पुढचं चाळते. तेवढा वेळ ती जवळ आहे असं वाटतं. मग कुणीतरी हाक मारतं आणि मी पळते.

आता खरी बातमी. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात मला इथलं दोन खोल्यांचं क्वार्टर मिळतंय. नर्सिंग हॉस्टेलमध्ये मुलं ठेवता येत नव्हती, ती अडचण गेली. दवाखान्याच्या मागेच शाळा आहे, वर्ष एप्रिलातच सुरू होतं, मधे मोठा रस्ता नाही. माझा जीव त्या रस्त्याला किती घाबरतो तुला ठाऊक आहे. तुमच्याजवळची शाळा बंद झाल्यावर तू भिंगरीला हायवेपलीकडच्या शाळेत नेतो म्हणालास आणि मीच नको म्हटलं. तेव्हापासून तुझ्यावर हा घरचा वर्ग पडला. आता सुटशील.

भिंगरीला तेव्हा सात वर्षं होतील. तिला सरळ दुसरीत घालीन. तिथे तोंडी परीक्षा घेतात म्हणे, पण एवढ्या चांदण्या असलेल्या मुलीला कसली परीक्षा!

तुझी धाकटी


३ फेब्रुवारी

धाकटे,

क्वार्टरची बातमी वाचून तुझ्या वहिनीनं हात जोडले. मीही जोडले. घर रिकामं होणार म्हणून वाईट वाटायला हवं होतं. वाटलं, पण खोटं कशाला बोलू, त्याआधी पाठीला बरं वाटलं.

पहाटे पाचचं काय ते मला उमजलं नाही. पहाटे या घरात मी एकटा जागा असतो. दोन्ही लेकरं हातपाय पसरून झोपलेली असतात. तुझ्या फोनचं घड्याळ चुकत असेल. पण पोर हुशार आहे यात शंका नाही. आता माझ्याही लक्षात आलंय. दुपारी मी हातगाडीवर खुर्च्या घालून पोचवायला जातो, परत येऊन बघतो तर चांदण्या वाढलेल्या! तुझ्या वहिनीला विचारलं. ती म्हणाली, “दोघं झोपली होती, मीही जरा डोळा मिटला.” म्हणजे आमचा डोळा लागला की ही उठून अभ्यास करते. भिंगरीला विचारलं तर म्हणाली, “मामा, चांदण्या आपोआप येतात.” केवढी नम्रता! आपल्या घराण्यात ही कुठून आली, देव जाणे.

मला मात्र झेपेनासं झालंय. अस्वल आता पुढचं विचारतं. काल सकाळी एक कोडं मला तिसऱ्या खेपेला सुटलं. शेवटी भिंगरी उठून आली, जांभई देत म्हणाली, “मामा, ते नाही, ते हिरवं बटण.” दाबलं. टाळ्या! मला कळलं नाही कशासाठी.

प्रार्थनेला बसलो की मन थाऱ्यावर नसतं. डोळे मिटले की तेच टाळ्या वाजवतं. देवही म्हणत असेल, हा माझ्यापुढे बसतो की अस्वलापुढे.

दातांचे डॉक्टर स्वतः येऊन गेले. म्हणाले, “तुम्ही सोफे शिवता की शाळा चालवता? माझे पेशंट उभे राहून दातदुखी सोसतायत.” मी म्हटलं, डॉक्टर, मंगळवारी नक्की. कुठला मंगळवार ते त्यांनी विचारलं नाही, भला माणूस.

दादा


१४ फेब्रुवारी

दादा,

आज नाचावंसं वाटतंय! फोनवर प्रमाणपत्र आलं. ‘अभिनंदन, तुम्ही पहिलीचा अभ्यास पूर्ण केलात,’ आणि खाली तिचं नाव, भोवती फुलांची वेल. मी ते छापून आणलं आणि आमच्या बसायच्या खोलीत भिंतीवर चिकटवलं. ज्या ज्या बायका म्हणायच्या, ‘घरी शिकून काय होणार, तेही सोफेवाल्या मामाकडे,’ त्यांना हाताला धरून दाखवलं.

शाळेच्या मोठ्या बाई बीपी तपासायला आमच्याकडेच येतात. त्यांनाही दाखवलं. त्या म्हणाल्या, “घेऊन या, बघू.” पाच एप्रिलला बोलावलंय.

तिला विचार ना, वाचायला कुठलं पुस्तक आणू? मोठ्या अक्षरांची आता बाळबोध वाटतील तिला.

आणि दादा, तुझे उपकार कसे फेडू? मी इथे लोकांची अंथरुणं बदलत होते आणि तू माझ्या पोरीचं आयुष्य घडवत होतास.

तुझी धाकटी


१ मार्च

धाकटे,

हे पत्र बसून वाच. घाबरण्यासारखं काही नाही, मुलं ठणठणीत आहेत.

परवा दिवसभर वीज नव्हती. टॅब दुपारीच मान टाकून बसला. मी म्हटलं चला, आज जुन्या पद्धतीनं. तुझ्याच लहानपणचं एक पुस्तक ट्रंकेत होतं, ते काढलं. भिंगरीला मांडीशी घेतलं आणि म्हटलं, वाच. तिनं पहिल्या शब्दावर बोट ठेवलं आणि थांबली. मीही थांबलो. तिनं बोटानं त्या शब्दावर टकटक केलं. पुन्हा केलं. मग माझ्याकडे बघून म्हणाली, “मामा, हे बोलत नाही.”

मला क्षणभर कळलंच नाही. मग कळलं. टॅबमध्ये शब्दाला बोट लावलं की ती बाई वाचून दाखवते. हिला वाटत होतं, वाचणं म्हणजे बोट लावणं.

मग मी शांतपणे सगळं विचारत गेलो. निम्मी अक्षरं ओळखते. वीसपर्यंत मोजते, मधे एखादा आकडा गाळून. बेरीज बोटांवर करते, वजाबाकीत रुसते. लहान मुलाला यावं तेवढं येतं. पहिली पूर्ण झालेली नाही. सुरू झाली आहे, इतकंच.

मग त्या चांदण्या कुणाच्या? दुसऱ्या दिवशी वीज आली. पहाटे मी रोजच्यासारखा धडा शिकायला बसलो. पण या वेळी उत्तर दिल्यावर अस्वलाकडे न बघता वर बघितलं. चांदणी भिंगरीच्या नावापुढे जाऊन बसली. दुसरं उत्तर दिलं, दुसरीही तिथेच बसली. इतके दिवस मी शिकत होतो आणि पास ती होत होती. ते प्रमाणपत्र माझं आहे गं. या वयात मी पहिली पास झालो.

ती बिचारी खरंच सांगत होती, चांदण्या आपोआप येतात. मी त्याला नम्रता म्हटलं.

पण सकाळच्या माझ्या झाल्या, दुपारच्या राहतातच. दुपारी मी गाडी ढकलत असतो आणि घर झोपलेलं असतं. तुझं जानेवारीतलं पत्र काढून पुन्हा वाचलं. ‘थोडं पुढचं चाळते,’ असं लिहिलंयस. धाकटे, दुपारच्या तुझ्या तर नाहीत?

दादा


११ मार्च

दादा,

तुझं पत्र मी चादरींच्या खोलीत दार लावून वाचलं. पहिल्यांदा तुझाच राग आला. म्हटलं, एवढा मोठा माणूस, आपण काय करतोय एवढं कळू नये? मग शेवटची ओळ वाचली आणि चादरींच्या गठ्ठ्यावर बसून हसले. हसता हसता काय झालं ते सांगत नाही.

हो, माझ्याच. ती जिथे थांबली असेल तिथून मी पुढे जायची. डब्यातला एक घास, एक उत्तर. मला वाटायचं, सकाळी तिनं केलं, दुपारी मी करतेय, म्हणजे आम्ही मायलेकी एका बाकावर बसलोय. तिनं आवरून ठेवलेल्या खोलीत गेल्यासारखं वाटायचं. आणि बाकावर तू होतास! सफरचंदं तू मोजत होतास!

भिंतीवरचा कागद अजून काढलेला नाही. काढला तर बायका विचारतील.

मी खूप विचार केला. तिला घेऊन गेले तर पहिलीत बसवतील, पाच-सहा वर्षांच्या पोरांत. ही त्यांच्यापेक्षा वीतभर उंच. ज्यांना ज्यांना मी कागद दाखवला त्यांची मुलं त्याच शाळेत आहेत. तिला हसतील. मलाही हसतील, पण माझं सोड.

म्हणून असं करू. बोक्याला पाच तारखेला तू इथे आणून सोड. त्याचं बालवाडीचं वय आहे, तो खपून जाईल. भिंगरीला आणखी एक वर्ष तुझ्याकडे राहू दे. आता चूक कळलीच आहे, तर नीट शिकव, पुढच्या वर्षी ती ताठ मानेनं येईल. तू नाही म्हणणार नाहीस, माहीत आहे. तू कधी म्हणालाच नाहीस.

तुझी धाकटी


२६ मार्च

दादा,

पत्राचं उत्तर नाही. फोनवर विचारलं की ‘बघू’ म्हणतोस. तुझ्या ‘बघू’चा अर्थ मी फ्रॉक घालायचे तेव्हापासून मला माहीत आहे. त्याचा अर्थ ‘हो’ असतो, फक्त तो तुझ्या पाठीला न सांगता म्हटलेला असतो.

पाच तारखेला माझी सकाळची ड्युटी आहे, तीनला संपते. क्वार्टरची किल्ली शेजारच्या सिस्टरकडे ठेवीन. बोक्याचे कपडे एका वेगळ्या पिशवीत भर, भिंगरीच्यात मिसळू नकोस. ती रडेल का रे?

तुझी धाकटी


५ एप्रिल, तुझ्याच टेबलावरून

धाकटे,

हे पत्र टपालात टाकणार नाही. किल्लीशेजारी ठेवून जातोय.

तुला उत्तर लिहायला रोज बसलो आणि रोज ‘हो’ लिहून फाडलं. ‘नाही’ लिहायची हाताला सवय नाही. तुझी वहिनी म्हणाली, “तुम्ही हो म्हणणार. तुमची पाठ दुखते, पण तिला तोंड नाही. मला आहे. माझ्याच्यानं आणखी एक वर्ष होणार नाही, आणि तुमच्याच्यानंही नाही.” असं ती आयुष्यात पहिल्यांदा बोलली. बोलून झाल्यावर भिंगरीची वेणी घालत रडत बसली. मुलं नकोशी झाली म्हणून नव्हे. तुला हे समजावून सांगायला नको.

तेव्हा मीही पहिल्यांदा लिहितो. मी थकलोय. टॅब वाईट नाही, अस्वल वाईट नाही. कुणीतरी कष्टानं ते बनवून अनोळखी मुलांसाठी ठेवलंय, देव त्यांचं भलं करो. पण त्यापुढे ज्यानं बसायचं त्याच्या अंगात त्राण हवं. मी मूल सांभाळायचं म्हणून टॅब देत गेलो, आणि टॅब सांभाळायचा म्हणून चांदण्या मोजत गेलो. आणखी वर्षभर तिला ठेवलं असतं तर तिला माझा कंटाळा तेवढा पाठ झाला असता.

तरीही मी कदाचित ‘हो’ म्हटलं असतं. पण बोक्याची पिशवी वेगळी भरायला घेतली तेव्हा भिंगरी दारात उभी होती. तिनं त्याचे कपडे बघितले, आपले शोधले. मग विचारलं, “मामा, मी नापास झाले म्हणून का?”

मी म्हटलं, “नाही गं राणी. परीक्षा मी दिली होती. तू अजून बसलीच नाहीस.”

“मग मला बसू दे ना.”

इतकं सोपं ते. त्या रात्री मला झोप छान लागली. सकाळी देवापुढे बसलो तर अस्वल आलं नाही.

तर आज दोघांनाही घेऊन आलो. बसमध्ये बोका मांडीवर झोपला, भिंगरी खिडकीशी बसून दिसेल ती पाटी वाचायचा प्रयत्न करत होती. एक शब्द पूर्ण वाचला, बोट न लावता. तिचा तिलाच विश्वास बसेना. मला म्हणाली, “हे मीच बोलले का?”

तुझ्या शाळेच्या मोठ्या बाईंपुढे उभा राहिलो. मी आधीच सांगून टाकलं, “बाई, तो कागद खरा आहे, पण माझा आहे.” आणि सगळी हकीकत सांगितली. त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले, हसून की कशानं ते कळलं नाही. म्हणाल्या, “तुमच्या बहिणीला सांगा, आमच्या वर्गातल्या निम्म्या मुलांचा गृहपाठ कोण करतं ते मला अक्षरावरून कळतं.” मग भिंगरीला जवळ घेऊन विचारलं, “तुला काय काय येतं?”

ती म्हणाली, “बोक्याला झोपवता येतं. मामा अडला की बटण सांगता येतं. आणि आज एक शब्द आला.”

“पहिलीत बसशील?”

“तिथे कोण उत्तरं देतं?”

“ज्याचं त्यानं.”

“मग बसते.”

उंचीचं म्हणशील तर खरंच ती वीतभर उंच दिसते. बाईंनी तिला मागच्या बाकावर बसवलंय, शेजारी तुझ्या किल्लीवाल्या सिस्टरचीच मुलगी आहे. ती हिला आपली पेन्सिल दाखवत होती. कुणी हसलं नाही. उद्या हसतीलही. त्याचं तिला काय करायचं ते ती ठरवेल, आणि तुला जे कोणी हसेल त्याला माझा पत्ता दे.

टॅब लाल पिशवीत आहे. लागेल तेव्हा तिच्यासोबत बसून उघड. तुझा घास तुझ्या हातात असू दे, बोट मात्र तिचं. बोका सिस्टरकडे झोपलाय, उठला की आधी मामी कुठे म्हणून विचारेल, त्याला जरा जवळ घे. कपडे दोघांचे एकाच पिशवीत आहेत.

तू येईपर्यंत थांबायला हवं होतं, मला कळतं. पण तू समोर उभी राहून ‘दादा, एकच वर्ष’ म्हणालीस तर मी हो म्हणेन. म्हणून तुझी ड्युटी संपायच्या आत निघतोय. रागाव, पण उद्या. आज वेळ नाही तुला. शाळा चारला सुटते. तिचं नाव मी पहिलीत घातलंय, आणि तिला सांगून आलोय की घ्यायला आई येणार आहे.

दादा